मी वेडी झाले ते दिवस

माझ्या धाकट्या सुनेला मला टोमणा तर मारायचा असतो, पण भांडण नको असतं, तेव्हा ती पीठ मळता मळता एवढंच म्हणते, “आत्याबाई, तुमी तं एकडाव येड्या झाल्या होत्या म्हनतात.” मी म्हणते, “होती ना. तुह्या हातची भाजी खाऊन आता पुन्हा होईन.” मग दोघी हसतो आणि विषय तिथेच मिटतो. पण अलीकडे गुडघ्यांनी मला ओसरीवर बसवून ठेवलं आहे. डोळे अजून शाबूत आहेत, आणि अक्षरं मी तिशी उलटल्यावर माझ्या मुलाच्या पाटीवर त्याच्याच बरोबरीनं गिरवली आहेत. ती वाया का घालवायची, म्हणून हे लिहून ठेवते. त्या दिवसांची हकिकत भावकीतल्या चार जणांनी चार तऱ्हेनं सांगितलेली मी ऐकली आहे. एकाच्या सांगण्यात तर मी चिंचेवर चढून बसले होते. मला झाडावर चढता येत नाही आणि तेव्हाही येत नव्हतं.

आमचा मळा अमरावतीच्या कोटाबाहेर होता. घरात माय, बा आणि मी, तिघंच. माझ्या पुढचं-पाठचं कोणी जगलं नाही. आम्ही जातीचे माळी. वांगी, मिरच्या, अंबाडी, पालक आणि बांधाला झेंडू-शेवंती. सकाळी जाग यायची ती मोटेच्या कुरकुरीनं. बा बैलांना गाणं म्हणायचा, गाणं एका ठरावीक जागी आलं की थारोळ्यात पाण्याचा धबधबा पडायचा आणि दांडातून पाणी वाफ्यांकडे धावायचं. पुढचं काम माझं. एक वाफा भरला की टाचेनं मातीचा बांध लोटून त्याचं तोंड बंद करायचं आणि पाणी दुसऱ्या वाफ्याला द्यायचं. सहाव्या-सातव्या वर्षापासून हे करत आले, त्यामुळे बोलता बोलता, गाता गाता, दुसरीकडे बघत असतानासुद्धा माझी टाच आपलं काम करायची. न्याहारीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. तुरीच्या वाळक्या तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताचा वास आला की बा मोट अर्ध्यावर सोडून यायचा आणि माय त्याला हटकून बोलायची.

त्या साली कापसानं सगळा मुलूख झपाटला होता. समुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्याकडे भाव चढला, हे मला फार पुढे कळलं. आम्हाला दिसत होत्या त्या गाड्याच गाड्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लोंबायचा, हवेत तंतू तरंगायचे, आणि माय बाजाराला निघण्याआधी पालकाच्या जुड्यांवरून ते निवडत बसायची. आमच्या जातभाईंनी वांगी उपटून कापूस पेरला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. बा मात्र ऐकेना. तो म्हणायचा, “कापूस खाऊन राहिले काय हे लोक? भाजी तं लागनच ना कोनाले.” आणि खरोखरच, भाजी लावणारेच उरले नाहीत म्हणून आमच्या टोपल्या रस्त्यातच रिकाम्या व्हायच्या.

माझं लग्न आठव्या वर्षीच अकोल्याला झालं होतं. सासऱ्यांचा मोर्णेच्या काठी मळा होता, आणि तो सगळा कापसाखाली गेल्यापासून ते मोठे लोक झाले होते. नवऱ्याचं नाव पुंजाजी. लग्नात त्यानं माझ्या हातातला लाडू हिसकून खाल्ला होता, एवढीच त्याची माझ्याजवळ आठवण. वयात येऊन मी शहाणी झाले तरी दोन वर्षं त्यांच्याकडून बोलावणं आलं नाही. कधी घर बांधणं चाललं होतं, कधी कोणाचं सुतक होतं. मग त्या थंडीत निरोप आला, पोरीला नांदायला पाठवा. त्याच आठवड्यात अकोल्याहून सरकी घेऊन येणारा सखाराम गाडीवाला आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबला आणि पाणी पिऊन झाल्यावरही जाईना. शेवटी मायला म्हणाला, “बाई, मी बोललो असं सांगजो नका कोनाले. तुमचा जावई तीन वर्सं झाले बिघडला हाय. घरात कोंडून ठेवते त्याले. मानसाले ओयखत नाई तो.”

मायनं त्याच दुपारी बाला सांगितलं. बा खाली बघत चिलीम झाडत राहिला. मग म्हणाला, “डोस्कं गरम होते मानसाचं. बायको घरात आली का थंड होते.” हा त्या काळचा उपायच होता. वेडा असो, दारुडा असो, घरात सून आणली की ताळ्यावर येतो, असं चांगली चांगली माणसं मानायची. बा वाईट नव्हता, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे त्याला मी फार छळलं. पण त्यानं शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडायचा म्हणजे काय करायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मला कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी मी वाफ्यांवर उभी राहून हे सगळं ऐकलं, ते मला अजून आठवतं.

याच सुमाराला अमरावतीत नाटक मंडळी उतरली होती. कापसाचा पैसा जिथे वाहील तिथे या मंडळ्या यायच्या. एका व्यापाऱ्यानं वखारीचं आवार दिलं होतं, तिथे कापसाच्या गाठी रचून बसायच्या जागा केल्या होत्या. स्त्रीवेष घेणाऱ्यांसाठी वेण्या-गजरे आणि राजासाठी हार आमच्या मळ्यातून जायचे. माय आणि मी तिसऱ्या प्रहरी टोपली घेऊन जायचो तेव्हा तालीम चालू असायची. आम्ही गाठींच्या आडोशाला बसून ती पाहायचो, कोणी हाकललं नाही. नाटक असं होतं: एक सेनापती लढाई हरतो आणि शत्रूच्या हाती सापडतो. आपल्या धन्याचा तान्हा मुलगा त्यानं कुठे लपवला आहे हे शत्रूला हवं असतं. ते सांगावं लागू नये म्हणून तो वेडाचं सोंग घेतो. पण हे सोंग आहे हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं. ती बिचारी त्याला पाहते, खरं मानते आणि खरोखरच भ्रमिष्ट होते. शेवटी शत्रू जातो, मूल वाचतं, सेनापती सोंग टाकून बायकोला हाक मारतो, आणि ती त्याला ओळखत नाही.

सेनापती झालेला नट दणकट होता. पागोटं फेकायचा, गवताच्या काड्या डोक्यात खोचायचा, खांबाला मुजरा करायचा, एक विचारलं की दुसरंच उत्तर द्यायचा. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. बायकोचं काम तात्या नावाचे देशावरचे एक पन्नाशीचे गृहस्थ करायचे. वेड लागल्यावर ते काहीच करत नसत. एक उपरणं घेऊन बसायचे, त्याची घडी घालायचे, मोडायचे, पुन्हा घालायचे. तालमीला आलेली रिकामटेकडी माणसंसुद्धा कंटाळून “पुढे चला” म्हणायची. एकदा गजरे देताना मी धीर करून त्यांना म्हणाले, “तुमी तं येडेच नाई वाटत. तो दुसरा चांगला करते.” माय मला चिमटा काढायला लागली. पण तात्या रागावले नाहीत. “अगं मुली,” ते म्हणाले, “तो सेनापती शहाणा आहे. त्याला लोकांना वेड दाखवायचं आहे, म्हणून तो दाखवतो. माझ्या बाईला कोणाला काही दाखवायचं नाही. तिच्या लेखी समोर कोणी नाहीच.” मला ते पटलं नाही. मी मनात म्हटलं, जमत नाही म्हणून सांगतात.

तेव्हा मी उचललं ते सेनापतीचं वेड, आणि तिथेच माझी चूक झाली. आज मला हसू येतं, पण त्या सकाळी हसू नव्हतं. सासरे स्वतः गाडी जुंपून आले होते, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, गाडीत माझ्यासाठी हिरवं लुगडं. बानं त्यांना बाजेवर बसवलं, माय गूळपाणी घेऊन आली. मी आत गेले, केस मोकळे सोडले, त्यात तुराटीच्या काड्या खोचल्या आणि बाहेर येऊन टोपलीतली वांगी अंगणात एका ओळीत मांडली. सगळ्यांत मोठ्या वांग्याला दंडवत घातला आणि त्याला म्हटलं, “पाटीलबोवा, न्याय करा.” सासऱ्यांच्या हातातलं गूळपाणी तसंच राहिलं. बा धावत आला, माझे खांदे धरून “कौतिके, माये, काय झालं तुले” असं विचारत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे पाहून खदाखदा हसले. अर्ध्या घटकेनं सासरे उठले आणि म्हणाले, “आठ दिसानं येतो. तवर उतारा करा पोट्टीले.” लुगडं त्यांनी परत नेलं.

माझं जमलं, या आनंदात मी दोन दिवस जोरात वेडी राहिले. तिसऱ्या दिवशी वाफ्यांतून नाचत जाताना एक वाफा काठोकाठ भरलेला दिसला, आणि माझ्या टाचेनं, मला न विचारता, त्याचं तोंड बंद करून पाणी पुढे वळवलं. मान वर केली तर माय कमरेवर हात ठेवून उभी. ती जवळ आली, माझ्या डोक्यातल्या काड्या उगाच नीट केल्या आणि हळूच म्हणाली, “येडी हायस ना? मंग वाफा फुटू द्याचा असते.” एवढंच. त्यानंतर ती बासमोर मोठ्यानं रडायची आणि माझ्या ताटात भाकरीखाली लोण्याचा गोळा ठेवायची.

पण बा. त्याचं काय करायचं हे आम्हा दोघींनाही कळेना. त्याला सांगावं तर तो सासऱ्यांसमोर एका शब्दात सगळं सांगून टाकणार. खोटं बोलताना त्याची जीभच अडायची. आणि न सांगावं तर तो आमच्या डोळ्यांसमोर खंगत होता. त्यानं गाणं सोडलं. मग मोटच सोडली. दिवसभर माझ्या मागे मागे फिरायचा, मी विहिरीकडे वळले की आडवा व्हायचा. एकदा त्यानं माझ्यासमोर वांगी ओळीत मांडली, मला बरं वाटावं म्हणून. मला त्या नाटकातली बायको आठवली. तात्यांच्या त्या घडी घालण्यात काय होतं ते मला त्या वेळी थोडंसं कळलं. त्या रात्री मी गोधडीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी बा म्हणाला, “रिद्धपूरले नेऊ तिले.”

आमच्याकडे डोकं फिरलेल्या माणसाला रिद्धपूरला नेतात. महानुभावांचं मोठं स्थान, वाटेवर दीड दिवस लागला. काळ्या कपड्यांतले साधू, स्वच्छ झाडलेले ओटे आणि त्यांच्यापुढे डोकं टेकणारी नाना गावची माणसं. आमच्यासारखे आजाऱ्याला घेऊन आलेले लोक झाडांखाली चुली मांडून महिना महिना राहायचे. आरतीच्या वेळी काही बाया केस सोडून घुमायच्या. मला वाटलं, इथे माझं चांगलं निभेल. दुसऱ्या दिवशी सकाळी माय पाणी आणायला गेली, ती घागर रिकामीच घेऊन परत आली आणि धपकन खाली बसली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. विहिरीवर तिला माझी सासू भेटली होती. सासूही तीन दिवसांपासून पोराला घेऊन तिथेच उतरली होती, आम्हाला चोरून, जसे आम्ही त्यांना चोरून आलो होतो. दोघी विहिणींनी एकमेकींना पाहून आधी घागरीच लपवल्या म्हणे. मग माय म्हणाली, “नवस होता,” आणि सासूही म्हणाली, “आमचाबी नवसच.” सासरे मात्र अकोल्यातच कापसाच्या सौद्यात होते.

दुपारी सासू आमच्या झाडाखाली आली. उंच, वाळकी बाई, कपाळावर आठ्यांची जाळी. मी लगेच सुरू केलं. काड्या, हसणं, दगडाशी बोलणं, जे जे येत होतं ते सगळं. ती बसून पाहत राहिली. मग मायला म्हणाली, “इहीणबाई, माह्या पोराले दोन घास चारून या. तुमच्या हातचं खाईन तो कदाचित.” माय गेली. बा गाडीखाली झोपला होता. सासू माझ्याकडे सरकली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “दमली असशीन. पानी पे.”

मी आणखी जोरात हसले.

“माये,” ती म्हणाली, “माह्या घरात तीन वर्सं झाले येडं मानूस हाय. त्याच्याकडं कोन पाहून राहिलं, हे तो एकडावबी पाहत नाई. तू घडी घडी डोयाच्या कोपऱ्यातून मले पाहून राहिली.”

मी हसायची थांबले. आता ही अकोल्याला निरोप धाडणार, सासरे येणार, आणि माझ्या सोंगामुळे सगळं आधीपेक्षा वाईट होणार, एवढंच मला दिसत होतं. पण माझा हात धरून तिनं मला उठवलं आणि पलीकडच्या निंबाखाली नेलं. पुंजाजी तिथे बसला होता. चांगला गोरा, केस तेल लावून नीट विंचरलेले, धोतर स्वच्छ. त्याच्या मांडीवर बोंडातला कापूस होता आणि तो नखांनी सरकी वेगळी करत होता. एक सरकी काढायची, बाजूला ठेवायची, पुन्हा उचलून कापसात दाबायची आणि पुन्हा काढायची. बोटांची टोकं सोलवटली होती. माय त्याच्या तोंडाशी घास धरून रडत होती आणि त्याला माय दिसत नव्हती, मी दिसत नव्हते. सासू म्हणाली, “कापूस नसला का धोतर कुरतडते. म्हनून देतो आमी.” मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. वेड म्हणजे हे असं मुकाट असतं, हे मी गाठींच्या आडून पाहिलं होतं आणि हसले होते. मला माझ्या डोक्यातल्या काड्यांची इतकी लाज वाटली की मी त्या तिथेच उपटून टाकल्या.

संध्याकाळपर्यंत मी त्याच्याजवळ बसले. सासूनं मला त्याला पाणी कसं पाजायचं ते दाखवलं, ओठांना गडवा लावून मानेवर थोपटायचं, मग तो गिळतो. मी थोपटलं, तो प्याला. आता लिहिताना मला कबूल केलं पाहिजे की त्या संध्याकाळी मी क्षणभर म्हटलं, जाऊ का याच्याकडे. चौदा वर्षांच्या पोरीला कीव आली की ती काय वाटेल ते कबूल करायला निघते. मी सासूला विचारलं, “तुमच्या माघारी याले कोन पाहीन?” ती म्हणाली, “त्याच्यासाठीच तं तुले आनाचं म्हनत होते तुहे सासरे. मलेबी वाटे आनावं. आता तुले पाहून नाई वाटत.” मग बराच वेळ ती त्याची बोटं तेलानं चोळत राहिली. उठताना म्हणाली, “बापाले सांगून टाक आपल्या. त्याचं तोंड पाहवत नाई.”

मी बाला सांगितलं. तो गाडीच्या जुवावर बसला, डोक्याचा फेटा काढून त्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिला. मग मला एक चापट मारली, आयुष्यातली पहिली आणि शेवटची, आणि लगेच मला पोटाशी धरलं. रात्री त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. पुंजाजीलाही तो पाहून आला होता. परत आला तेव्हा मायला म्हणाला, “पोट्टी नाई धाडत मी.” पण पुढे लगेच म्हणाला, “पन पंचाईपुढं मी खोटं नाई बोलनार. मले विचारलं का पोट्टी येडी हाय काय, तं मी नाई म्हनीन.” मायनं कपाळाला हात लावला. कारण सासूकडून कळलं होतं की सून घरी न्यायची म्हणून सासऱ्यांनी जातपंचायत बोलावली होती, आठ दिवसांनी, अकोल्याला.

ती पंचायत मोर्णेच्या काठी सासऱ्यांच्याच मळ्यात भरली. पंच घोंगड्यांवर, बाया मागे कुडाजवळ, आणि मी मायच्या मांडीला टेकून, केस मोकळे, पण काड्या नाहीत. आता मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्यानं भागेल असं वाटलं होतं, पण सासरे फार शहाणे निघाले. ते म्हणाले, “पोट्टी येडी हाय, मान्य. माहं पोरगंबी ठीक नाई, हेबी मान्य. मंग काय बिघडलं? माही सून हाय, माह्या घरात राहीन. दोघंबी एका छपराखाली राहतीन.” दोन-तीन पंचांनी माना हलवल्या. हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. वेडी म्हणून मी सुटणार नव्हते, आणि शहाणी म्हणून तर नाहीच नाही. मुख्य पंच म्हातारे होते, त्यांनी बाच्याकडे तोंड केलं. “तुमी सांगा. पोट्टी खरंच येडी हाय काय? कितीक हाय?”

बा उभा राहिला. मी त्याच्या पाठीकडे पाहत होते. त्याची मान ताठ झाली, म्हणजे तो खरं बोलणार. मायनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. बा म्हणाला, “पंचहो, माही पोट्टी...”

“त्याले काय विचारता?” मागून सासूचा आवाज आला. बायांनी पंचायतीत बोलायची रीत नव्हती, सगळे वळून पाहायला लागले. “बाप हाय तो. झाकूनच सांगीन. मले विचारा. मी रिद्धपूरले तिच्यासंगं होतो.” सासरे दरडावून म्हणाले, “तू बस खाली.” ती बसली नाही. “माह्या लेकराचा गया धरला तिनं. या हातानं सोडवला मी. मी एक येडं संभाळतो, माहं पोटचं हाय. पन त्याले मारनारी घरात आनान, तं मी त्याले घेऊन या नदीत जाईन. मंग राहा तुमी सुनेसंगं.”

सासरे आ वासून बायकोकडे पाहत होते. त्यांनी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नसावं. बा उभाच होता, तोंड अर्धं उघडं, आणि मायनं मागून त्याचं धोतर ओढून त्याला खाली बसवलं. सासू सबंध पंचायतीसमोर धडधडीत खोटं बोलली होती. मी त्या मुलाच्या गळ्याला हात लावला होता तो पाणी पाजायला. मला हुंदका आला. सोंग, पंचायत, सगळं विसरून मी उठले आणि तिचे पाय धरायला धावले. तिनं मला दोन्ही हातांनी जोरात मागे ढकललं. “पाहा,” ती पंचांना म्हणाली, “आता माह्या अंगावर आली.”

मग फार वेळ लागला नाही. पंचांनी आपसात बोलून काडीमोड द्यायचं ठरवलं. पुंजाजीला आणण्यात अर्थ नव्हता, म्हणून सासऱ्यांनीच गवताची काडी हातात घेतली आणि नाइलाजानं मोडली. इतका बारीक आवाज होता तो, पण मला वाटलं अमरावतीपर्यंत गेला असेल. मला इतकं हलकं वाटलं की बसल्या जागी झोप येईल की काय असं झालं. आता माझ्या गळ्यातली काळी पोत तेवढी उतरवायची होती. म्हातारे पंच म्हणाले, “सासूनं उतरवावी, पन सांभाळून.” दोन बायांनी माझे हात धरले, मी अंगावर जाऊ नये म्हणून.

ती माझ्यासमोर बसली. मानेमागे हात नेऊन गाठ सोडू लागली. गाठ सहा वर्षांची होती, सुटेना. तेलाचा आणि कापसाचा वास तिच्या हातांना येत होता. तिचा गाल माझ्या कानाजवळ आला तेव्हा ती, ओठ न हलवता म्हणावं इतक्या हळू, म्हणाली, “लवकर बरी होजो माये. पन लगेच नको. पंधरा दिवस थांबजो.”

मी महिनाभर थांबले.